झडप बसत नाही

सेर्रो दे पास्कोत हवा विरळ, म्हणून रक्त दाट.
चार हजार तीनशे मीटरवर शरीर घाबरतं
आणि तांबड्या पेशी घडवत सुटतं,
टंचाईच्या धास्तीनं एखाद्यानं
घरभर गोण्या रचाव्यात
आणि शेवटी दारापर्यंत जायला वाट उरू नये, तसं.

दर दोन महिन्यांनी फोर्तुनातो याचास येऊन बसतो,
ओठ जांभळे, नखं जांभळी.
मी दंडाला रबर आवळते. सुई शिरेत.
रक्त काकवीसारखं उतरतं,
त्याला घाई नाही.

"हे जातं कुठं गं, नेलिदा?"
पिशवीत.
"तसं नव्हे. एरवी."

एकतीस वर्षं खाणीत तो पंपावर होता.
जमिनीच्या पोटातलं पाणी उपसून वर फेकायचं,
दिवसपाळी, रातपाळी, नाताळच्या रात्रीसुद्धा.
भिंतीवरचा गुलाबी तक्ता त्याला काय दाखवायचा?
हातमोज्यांच्या रिकाम्या खोक्यावर
मी बॉलपेननं चार खोल्या काढल्या.
उजवीकडे येतं वापरलेलं, काळपट,
डोक्यातून, आतड्यातून, पायाच्या अंगठ्यातून परतलेलं.
उजवी जवनिका ते फुप्फुसात ढकलते.
तिथं त्याला हवा लागते,
म्हणजे इथं जेवढी मिळते तेवढी.
मग डावीकडे. आणि डावी, एका दणक्यात,
पुन्हा सगळीकडे.
मिनिटाभरात फेरी पुरी.

तो बराच वेळ खोक्याकडे बघत राहिला.
"म्हणजे दोन पंप. पाठीला पाठ लावून."
हो.
"आणि पाणी तेच."
तेच.
"आमचं वर गेलं की गेलं. डबक्यात, तिथून ओढ्यात,
ओढा गंजाच्या रंगाचा.
परत आलेलं मी कधी पाहिलं नाही."
मग म्हणाला, "भिंत कुठली जाड?"
डावी, मी म्हटलं, तिला लांबवर ढकलायचं असतं.
आणि गप्प झाले. त्याच्या कागदांत
उजवी जाड झाल्याचं लिहिलं होतं.

पिशवी अर्धी भरली.
खिडकीबाहेर गारा, आणि गारांपलीकडे तो खड्डा,
शहराच्या मधोमध, शहर खात खात रुंदावलेला.
फोर्तुनातोनं मोकळा हात पुढं केला,
माझ्या गळ्यातल्या स्टेथोस्कोपकडे.
नियमात बसत नाही. दिला.

पूर्वी तो लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक
पंपाच्या अंगाला टेकवी, मूठ कानाला,
आणि सांगे, कुठलं बेअरिंग आठवडाभरात जाणार.
आता त्यानं स्वेटर वर केला,
थंड चकतीनं दचकला, डोळे मिटले.
मी बॅटरीवरचं घड्याळ बघत होते.
ते उगाचच बघत होते.

"पहिला ठोका पडतो," तो म्हणाला, "पण झडप बसत नाही.
मागं सरकतंय थोडं. फुस्स. ऐक."

मला ऐकायची गरज नव्हती.
महिन्यातून एकदा वर येणाऱ्या डॉक्टरांनी
पडद्यावर पाहून नेमकं हेच लिहिलं होतं,
आणि त्याला सांगायचं माझ्यावर सोपवून
ते खाली निघून गेले होते.
पंधरा दिवस मी शब्द जुळवत होते.
तरी ऐकलं. फुस्स.

"गॅस्केट बदलता येतं?"
आधी खाली जा, मी म्हटलं. समुद्राकडे.
तिथं हवा दाट आहे, रक्त पातळ होतं,
उजव्या बाजूवरचा भार हलका होतो.
"खाली सगळं आपोआप वाहत असेल," तो म्हणाला.
"तिथं पंपवाल्याचं काय काम?"

मी सुई काढली. कापूस. कोपर दुमडून धर.
पिशवी तळहातावर कोमट होती,
जड होती, मांजराच्या पिल्लाएवढी.
मी तिच्यावर तारीख लिहायला पेन शोधलं
तर ते त्याच्याकडे.
खोकं मांडीवर घेऊन तो वाकला होता,
माझ्या सगळ्या बाणांमध्ये, उजव्या झडपेपाशी,
एक छोटा बाण उलटा काढत होता.
काढला. फुंकर मारून वाळवला,
जणू शाई ओली असते बॉलपेनची.

मग खोकं बगलेत मारून निघाला,
दर सात पावलांनी भिंतीला टेकत.
पेनही घेऊन गेला.